उना ट्रेंबाथच्या धुतलेल्या बाटल्या

उनामावशीला बिअरच्या रिकाम्या बाटलीचा वास घेताना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मला वाटलं, ही बाई कामातून गेलेली आहे. आमच्या पबच्या मागच्या अंगणात, सकाळच्या उन्हात, डोक्यावर चॅपलची काळी हॅट, अंगात इस्त्रीचा कोट, आणि बाटली नाकाशी धरून डोळे मिटून उभी! कॉनशी लग्न करून ॲडलेडहून मी नुकतीच या खाणींच्या गावात आले होते. माझ्या जिभेला हाड तेव्हाही नव्हतं, आजही नाही. दारातूनच ओरडले, "अहो बाई, त्यात थेंब उरलेला नाही! एवढीच तहान लागली असेल तर भरलेली देते ना!"

तिनं डोळे उघडले, बाटली बाजूला ठेवली. "हिच्यात कुणीतरी घासलेट ठेवलं होतं," ती म्हणाली. "ही राहू दे तुम्हालाच. बाकीच्या नेते." आणि हातगाडीतल्या बाटल्या गोणपाटानं झाकून ती मागच्या गल्लीनं निघून गेली.

कॉन आतून पोट धरून हसत आला. "डल्सी, अगं ती उना ट्रेंबाथ! दारूला शिवणार नाही अशी एक बाई दाखव म्हटलं तर सगळं गाव तिच्याकडे बोट दाखवेल. तुला बरी सापडली पाजायला!"

आमचं गाव तांब्याच्या खाणींचं. खाणी बंद पडून जमाना झाला, पण त्या खणायला कॉर्नवॉलहून आलेल्या लोकांची नातवंडं-पतवंडं इथेच राहिली, आणि त्यांची चॅपलं, म्हणजे साधी, कडक शिस्तीची प्रार्थनाघरं, तीही राहिली. चॅपलवाला म्हणजे दारू नाही, पत्ते नाहीत, रविवारी शिवणाची सुईसुद्धा हातात धरायची नाही. मी आयरिश कॅथलिक घरातली, त्यात पबवाल्याची बायको, म्हणजे त्यांच्या लेखी बुडालेलीच. पण या लोकांची एक गंमत होती. दर घरी स्वँकी बनायची. साखर, आलं आणि हॉप्सची चिमूटभर कडू फुलं उकळायची, कोमट झालं की यीस्ट घालायचं, आणि त्याच दिवशी बाटल्यांत भरून टाकायचं. प्रत्येक बाटलीत दोन-तीन मनुका. मग बूच ठोकायचं, सुतळीनं आवळून बांधायचं आणि तळघरातल्या ओल्या वाळूवर आडवं निजवायचं. मनुका फुगून वर आल्या की स्वँकी झाली. ती फसफसते, नाकात जाते, पण चढत नाही, असं चॅपलचं मत. नाताळला, सहलीला, मयताच्या चहाला, सगळीकडे स्वँकी.

आता हे फसफसणारं प्रकरण धरून ठेवायला बाटली लागते जाड काचेची. लेमनेडची बाटली पहिल्या उन्हाळ्यातच तडकते. टिकते ती फक्त बिअरची, मोठी, तपकिरी, हातात जड लागणारी. म्हणजे दारूला शिव्या घालायच्या आणि दारूच्या बाटल्या पबच्या मागच्या दारानं न्यायच्या! मी हे एकदा उनामावशीला तोंडावर बोलून दाखवलं.

"बाटलीचा काय दोष?" ती म्हणाली. "आत काय भरू, म्हणून तिला कुणी विचारलं होतं का?"

त्या दिवसापासून माझं तिच्याशी जमलं. मी तिला मावशी म्हणायला लागले, आणि अहो-जाहो कधी गळून पडलं ते कळलंही नाही. तिच्या परसात बसून तिचं बाटल्या धुणं बघायचा मला नादच लागला होता. आधी प्रत्येक बाटली हुंगायची. मग धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात बुडवायची, लेबलं आपोआप सुटून वर यायची. मग आत बंदुकीचे मूठभर छर्रे टाकून गोल गोल हलवायची, तळाचा गाळ खरवडून निघावा म्हणून. शेवटी उन्हासमोर धरून आरपार बघायची आणि तोंडाच्या कडेवरून नख फिरवायची. नख जरा अडलं की ती बाटली बाद. आमच्या बारमधले ग्लास इतके स्वच्छ कधीच नसत, आणि तसं मी कॉनला सांगायचेही. तो म्हणायचा, "मग जा की चॅपलमध्ये!"

तिची बाकीची कहाणी मला हळूहळू कळली. शाळेत जायच्या आधीच तिनं चॅपलच्या कागदावर शपथेची सही केली होती, "न पिईन, न पाजीन". गळा तिचा खालच्या पट्टीतला, भरदार. लग्नाआधीपासून ती चॅपलच्या गायकवृंदात दुसऱ्या रांगेत उभी राहत आलेली. नवरा गारफिल्ड छातीत खाणीची धूळ साठून खोकत खोकत गेला. आणि एक भाऊ होता, हेडली. तो प्यायचा. आमच्या पबपासून तिच्या घरापर्यंत सरळ वाट जाते ती जुन्या खाणींच्या माळावरून. तिथे जुनी विवरं अजून तोंड उघडून पडलीत, वरच्या फळ्या कधीच कुजल्या. रस्त्यानं गेलं तर मोठा वळसा पडतो. शुद्धीवरचा माणूस वळसा घेतो. हेडलीनं घेतला नाही. त्याला वर काढलं तेव्हा ओळख पटवायला उनामावशीलाच नेलं होतं. तो आमच्या आधीच्या पबवाल्याच्या काळातला किस्सा, पण कॉन तो सांगताना नेहमी आवाज खाली करायचा.

तिचा एकुलता एक मुलगा लीथ. युद्धातून परत आला, न्यू गिनीच्या जंगलातून. आला तो धडधाकट आला, हातपाय शाबूत, आणि एक शब्द बोलेना. बंदरावरच्या खतांच्या कारखान्यात नोकरी लागली. त्या काळी कायद्यानं सहाला बार बंद व्हायचे आणि कारखाना सुटायचा पाचला. मधल्या तासाभरात पुरुष जे काही ढोसायचे ते बघवत नसे. गुरं बरी. त्यात लीथ सगळ्यात शांत. कोपऱ्यात उभा राहायचा, बडबड नाही, भांडण नाही, एकामागून एक ग्लास रिकामा करायचा. सहाची घंटा वाजली की मागच्या दारानं बाहेर, आणि तडक माळावर.

मी कॉनला म्हणायचे, "त्याला देऊ नकोस रे."

"मी नाही दिली तर पुढच्या पबमध्ये जाईल," कॉन म्हणायचा. "तिथून माळावरची वाट आणखी लांब."

एका हिवाळ्याच्या सकाळी कॉन सशांचे सापळे बघायला माळावर गेला होता. लीथ त्याला एका विवराच्या कडेवर झोपलेला सापडला. पालथा, एक पाय गुडघ्यापासून आत लोंबकळत. त्या पायातला बूट आत गेला होता. कॉननं त्याला आधी काखेत धरून मागे ओढलं आणि मग उठवलं. भीती वाटली म्हणाला, हाक मारून उठवायची. दचकला असता तर गेला असता. खांद्याचा आधार देऊन तो त्याला घरी घेऊन गेला. उनामावशीनं दार उघडलं, मुलाच्या अनवाणी पायाकडे बघितलं, आणि पाणी तापवायला ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली. हातगाडी नव्हती बरोबर.

"डल्सी, तुझ्या नवऱ्याच्या बिअरमध्ये असं काय असतं, जे माझ्या स्वँकीत नाही?"

मी हसायला गेले, पण तिचं तोंड हसण्यासारखं नव्हतं. "मावशी, तू काय करायला निघालीयेस?"

"त्याला प्यायचंच आहे. मी प्रार्थना केली, रडले, हेडलीची आठवण दिली, सगळं झालं. तो पिणारच. मग घरी पिऊ दे. माझ्या टेबलाशी. टेबलापासून त्याच्या बिछान्यापर्यंत वाटेत विवर नाही."

"आणि तुझी शपथ?"

"ती माझी मी बघीन. तू फक्त सांग, काय असतं?"

मी तरी काय मोठी जाणकार! कॉनकडून काढून घेतलं: माल्ट, म्हणजे मोड आणलेली बार्ली, जास्त साखर, जास्त हॉप्स. माल्टचा घट्ट काढा तर किराण्याच्या दुकानात डब्यात मिळायचा, अशक्त मुलांना चमच्यानं देतात तो. तिनं तो आणला. दुकानदारानं विचारलंही असेल, मावशी, घरात लहान मूल कोण? काय सांगितलं कुणास ठाऊक. हॉप्स तर स्वँकीसाठी असायचेच. आणि बाटल्या आता तिला दुपटीनं लागायला लागल्या. मी कॉनच्या नाकासमोरून भरभरून द्यायचे. तो कुरकुरला, "स्वतःच्या नवऱ्याचं गिऱ्हाईक पळवतेस?" पण तेवढंच. शेवटी त्या माणसाला कडेवरून मागे यानंच ओढलं होतं.

पहिल्या बाटलीची चव बघायला तिनं मलाच बोलावलं. ती स्वतः तोंडाला लावेना. बूच काढलं, ओतलं, आणि हात पुसत माझ्या तोंडाकडे बघत उभी. मी एक घोट घेतला. दुसरा घेतला.

"काय?"

"मावशी, ही चॅपलमध्ये पाजलीस तर तुमचा कारभारी नॅनकिव्हल म्हातारा बाजाच्या पेटीवर चढून नाचेल."

"थट्टा नको. तो पिईल का?"

"पिईल," मी म्हटलं. "आणि कॉन आला तर तोही पिईल, त्याला सांगू नकोस."

लीथनं प्यायली. पहिल्या संध्याकाळी तिनं नुसती बाटली आणि ग्लास त्याच्यापुढे ठेवला, आणि समोर बसून बीन्स सोलायला घेतल्या. तो बघतच राहिला म्हणे. मग ओतून घेतली. दुसऱ्या दिवशी कारखाना सुटल्यावर तो पबकडे वळला, दारापर्यंत आला, मी काचेतून बघत होते. आणि तसाच रस्त्यानं पुढे गेला. रस्त्यानं! मी आत येऊन कॉनला मिठी मारली. भर बारमध्ये. लोकांनी शिट्ट्या घातल्या.

तिचा एकच नियम होता. मनुका वर आल्याशिवाय बाटली उघडायची नाही. मग तो बसून राहायचा तळघरात, दिव्यासमोर बाटली धरून, मनुका बघत. कधी कधी एक-दोन दिवस काहीच तयार नसायचं, तेव्हा वाट बघायचा. जो माणूस तासाभरात पोटात पिंप रिचवायचा, तो मनुकांची वाट बघत बसायला लागला. पुढे बाटल्याही तोच धुवायला लागला. छर्रे घालून हलवताना मी त्याला पाहिलंय, बाह्या दुमडलेल्या, तोंडात सुतळीचं टोक.

आणि तो बोलायला लागला. हे मला मावशीनंच सांगितलं, बोलताना तिचा चेहरा असा काही उजळला होता की सांगता सोय नाही. रोज संध्याकाळी टेबलाशी, एक बाटली त्याची, तिच्यापुढे तिची साधी स्वँकी, आणि तो बोलायचा. लहानपणीचं, बापाचं, जंगलातलं. त्याच्याबरोबर असलेल्या पोरांचं. काय बोलला ते तिनं मला कधी सांगितलं नाही, आणि मी एवढी भोचक असूनही विचारलं नाही. ती फक्त म्हणायची, "काल बराच वेळ बसला होता गं." असे दोन हिवाळे गेले.

चूक झाली ती उन्हाळ्यात, आणि ती चूक आमच्या गावातलीच बाई करू जाणे. स्वँकी बिचारी अशक्त, म्हणून ती त्याच दिवशी बाटलीत भरली तरी चालतं. मावशीनं ही तगडी बिअरही आयुष्यभराच्या सवयीनं तशीच भरली. त्याच दिवशी, यीस्ट भरात असताना, वर बूच, वर सुतळी. खरी बिअर आधी आठवडाभर उघड्या पिंपात शांत होऊ द्यायची असते, मग भरायची. हे कॉनला माहीत होतं, पण त्याला कुणी विचारलं नाही, आणि आम्हा दोघींच्या डोक्यात आलं नाही. थंडीत निभावून गेलं. फेब्रुवारीत, म्हणजे आमच्याकडच्या भर उन्हाळ्यात, उष्ण वारा सुटला, तळघरातली वाळूसुद्धा सुकली, आणि तिच्या बाटल्या कितीही जाड असल्या तरी शेवटी काचच.

गुरुवारची प्रार्थनासभा तिच्या पुढच्या खोलीत भरायची. चॅपलचे कारभारी होरेस नॅनकिव्हल प्रार्थना सांगत होते, बायका मान खाली घालून बसल्या होत्या. आणि पायाखाली पहिला बार उडाला. मग दुसरा. मग लागोपाठ, एक फुटली की तिच्या धक्क्यानं शेजारची. मिसेस ऑट्स किंचाळून खुर्चीवर चढल्या म्हणे. ते राहू दे, आवाजाचं कुणी मनावर घेतलं नसतं. स्वँकीच्या बाटल्याही कधीमधी फुटतात, लोक हसतात. पण जमिनीच्या फटींतून वास वर आला. स्वँकीला आल्याचा वास येतो. हा वास आमच्या पबचा होता.

नॅनकिव्हल तळघरात उतरले. बऱ्याच वेळानं वर आले, पँटचे पाय भिजलेले.

"भगिनी ट्रेंबाथ, खाली आहे ती दारू आहे का?"

"हो," ती म्हणाली.

हे मला तिथं बसलेल्या एका बाईनं सांगितलं. ती म्हणाली, उनानं एक क्षणही लावला नाही उत्तराला. लावला असता तर आम्हीच काहीतरी सबब सुचवली असती. आम्हाला सगळ्यांना तेच हवं होतं.

नॅनकिव्हल वाईट माणूस नव्हते, हेही सांगते. मला ते कधी आवडले नाहीत, पण खोटं कशाला बोलू? त्यांनी तिला मुदत दिली. उरलेल्या बाटल्या फोडायच्या, चॅपलमध्ये सगळ्यांसमोर पुन्हा शपथ घ्यायची, आणि विषय संपला. नाहीतर सभासदत्व नाही, गायकवृंद नाही, चॅपलच्या वर्धापनदिनाच्या चहाला तिची स्वँकीही नाही. मी तिला म्हटलं, "घे ना शपथ! आणि माझ्या तळघरात बनव. पबमध्ये बिअर निघाली तर कोण विचारतंय?"

"म्हणजे तो पुन्हा तुझ्या पबला येणार."

"मग आता?"

"आता काही नाही. मी त्यांना सांगून आले, नाही फोडणार."

तिनं गाण्याचं पुस्तक परत केलं. रविवारी सकाळी चॅपलची घंटा वाजली की ती आमच्या अंगणाच्या भिंतीशी यायची, बाटल्या निवडण्याच्या निमित्तानं. तिथून गाणी ऐकू येतात. खालच्या पट्टीची जागा आली की तिचे ओठ हलायचे, आवाज नाही. रविवारी कामाला हात न लावणारी बाई, रविवारी माझ्या अंगणात बिअरच्या बाटल्या हुंगत उभी. मला रडू यायचं आणि राग यायचा. त्या चॅपलला एखादी बाटली फेकून मारावी असं वाटायचं. कॉन म्हणायचा, "मार, पण रिकामी मार."

आई रविवारी आमच्या भिंतीशी उभी राहते, हे लीथला कुणी सांगितलं, की त्याचं त्याला कळलं, माहीत नाही. त्या वर्षीच्या वर्धापनदिनाला, मुलांची गाणी संपल्यावर, तो चॅपलमध्ये शिरला. कारखान्याच्याच कपड्यांत. सरळ पुढे गेला, गुडघे टेकले आणि शपथेच्या कागदावर सही केली. लोक रडले. नॅनकिव्हल तर हुंदके देत होते. घरी येऊन तो आईला म्हणाला, "आई, आता ते फोडायचं सोड, ओतून टाकू. बाटल्या चांगल्या आहेत."

दोघांनी मिळून सगळी बिअर परसात ओतली. मनुका जमिनीवर पसरल्या, त्या कोंबड्यांनी वेचून खाल्ल्या आणि संध्याकाळपर्यंत झोकांड्या खात फिरत होत्या. मावशी ते सांगताना हसून हसून खाली बसली. "आणि लीथ?" मी विचारलं. "तो आत गेला होता. बायबल वाचत होता."

बाई परत गायकवृंदात गेली, दुसऱ्या रांगेत. मुलगा शुद्धीवर, रस्त्यानं जातो, रस्त्यानं येतो. जे हवं होतं ते सगळं मिळालं. मी स्वतः कॅथलिक चर्चमध्ये जाऊन तिच्यासाठी मेणबत्ती लावली, तिला न सांगता. तिला चाललं नसतं.

लीथ जे करायचा ते पुरतं करायचा. आता त्यानं चॅपल पुरतं धरलं. नॅनकिव्हलांच्या भाचीशी, एल्व्हाशी लग्न केलं, बंदराजवळ घर घेतलं. मग उपदेश करायला लागला, गावोगाव. एकदा आईला म्हणाला, साधी स्वँकीसुद्धा आता बंद कर, त्यातही असतेच थोडी, माझ्याइतकं कुणाला माहीत? खरंच होतं म्हणा ते. तिनं बंद केली. उरलेल्या बाटल्या हातगाडीवर घालून ती माझ्याकडे परत घेऊन आली, धुतलेल्या, चकचकीत. मी म्हटलं, "मावशी, ठेव की, व्हिनेगरला होतील." ती म्हणाली, "नको. दिसल्या की हात जातो."

त्यानंतर एका वर्धापनदिनाला साक्ष द्यायला लीथला उभं केलं. त्यांच्यात अशी पद्धत आहे, की ज्याला देवानं उचललं त्यानं उभं राहून सांगायचं, मी किती खाली होतो आणि कसा वर आलो. मी मागच्या बाकावर जाऊन बसले. पबवाली आली म्हणून दोघीतिघींनी माना वळवल्या, वळवोत. गायकवृंद उंच चौथऱ्यावर, लोकांकडे तोंड करून बसतो. लीथ त्यांच्या पुढ्यात. म्हणजे तो बोलत असताना त्याच्या खांद्यामागे मला मावशीचा चेहरा दिसत होता.

बोलायचा छान. ते जंगलातलं काही नाही बोलला. पबचं बोलला, सहाच्या घंटेचं बोलला, विवराच्या कडेचं बोलला. लोक श्वास रोखून ऐकत होते.

"तुम्हाला वाटेल, तो माझा तळ होता," तो म्हणाला. "नाही. मित्रांनो, माझा तळ त्याच्या पुढे होता. माझा तळ माझ्या आईच्या स्वयंपाकघरात होता. पाजणारा हात परका असला तर माणूस सावध राहतो. माझ्यापुढे बाटली ठेवणारा हात कुणाचा होता? ज्या हातानं मला लहानपणी घास भरवला, त्याच हाताचा तो मोह होता. रोज संध्याकाळी. दोन वर्षं. मी त्या टेबलाशी बसून बुडत होतो आणि मला वाटत होतं, मी सुखात आहे. देवानं तिला क्षमा केली आहे. मीही केली आहे."

मी उठलेच होते. खरंच सांगते, बाकाला धरून उभी राहिले होते, आणि काय बोलले असते देव जाणे. पण बाजाची पेटी वाजली, सगळेच उभे राहिले, आणि माझं उठणं त्यात जिरून गेलं. गायकवृंदही उठला. उनामावशी दुसऱ्या रांगेत उभी राहिली, पुस्तक उघडलं, आणि गायली. खालच्या पट्टीतला तो आवाज मी बारा जणींच्यातून ओळखते. कुठे चिरकला नाही, कुठे अडखळला नाही. लोक डोळे पुसत तिच्याकडे बघत होते, जसं पश्चात्ताप केलेल्या बाईकडे बघतात तसं.

चहाच्या वेळी मी तिला बाहेर गाठलं, पाण्याच्या टाकीपाशी. ती कप विसळत होती.

"मावशी, तू गप्प कशी बसलीस? सांगायचं होतंस सगळ्यांना! तू नसतीस तर तो त्या विवरात सडला असता! तुझ्या हाताचा मोह म्हणे! त्याच हातांनी..."

"हळू," ती म्हणाली. "खोटं काय बोलला तो? बाटली मीच ठेवत होते ना?"

"पण का ठेवत होतीस?"

तिनं कप पालथा घातला. "डल्सी, तो तिथं उभा राहून बोलत होता. मी त्याचे पाय बघत होते. दोन्ही पायांत बूट होते, पॉलिश केलेले. त्यानं मला काय म्हटलं, ते त्याचं त्याला लखलाभ. उभा आहे ना?"

माझा राग उतरला, आणि उतरला ते वाईटच झालं, कारण मग मला तिचा चेहरा दिसला. किती म्हातारी झाली होती! मी तिच्या हातातला कप घेतला आणि पुसायला लागले. मग मी विचारलं. विचारायला नको होतं.

"बोलतो का गं तो तुझ्याशी? पूर्वीसारखा?"

ती पाण्यात हात तसेच ठेवून उभी राहिली.

"रविवारी येतात दोघं," ती म्हणाली. "जेवतो बरा."

चॅपलच्या फाटकापाशी लीथनं गाडी सुरू केली होती. एल्व्हा आत बसली होती. त्यानं तिथूनच हाक मारली, "आई, चल, उशीर होतोय." ती हात पुसत निघाली. मी उरलेले कप विसळले.